स्वस्तातला कॉम्प्युटर सेट घ्यावा का? आधी त्याचं पोट बघा

दिवाळी झाली आणि आमच्या गल्लीतल्या मावशींनी मुलीसाठी कॉम्प्युटर मागवला. मुलगी सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणार होती. जाहिरातीत लिहिलं होतं: कोअर आय५, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, १९ इंची मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, वायफाय, आणि सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत. खोकं आलं, पूजा झाली, पेढे वाटले. तीन आठवड्यांनी मावशी दारात. "जरा येऊन बघतोस का रे? बटण दाबून चहा टाकते, तो उकळून खाली उतरतो तरी हा सुरूच होत नाही."

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. बाजूचा पत्रा काढला, तो बोटाने दाबला तरी वाकत होता. प्रोसेसरवरचा (कॉम्प्युटरच्या मेंदूवरचा) पंखा उचलला, तर खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांनी निघाली. कापसाने पुसून टॉर्च मारला. धातूवर कोरलेलं होतं: आय५-२४००. इंटेलने हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये बाजारात आणला. तेव्हा ही मुलगी अंगणवाडीत होती.

जाहिरातीतलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आय५ म्हणाले होते, आय५ दिला. कितव्या पिढीचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मला याचा फार त्रास होतो, कारण असे पैसे घालवणारे लोक उधळे नसतात. पै-पै साठवून मुलांसाठी कॉम्प्युटर घेणारी ही माणसं असतात. पहिला कॉम्प्युटर घेणाऱ्याला दुकानात पाऊल टाकण्याआधी जे ठाऊक असायला हवं, ते म्हणून इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: काम कागदावर लिहा

"घरात एक असावा" एवढ्यावर खरेदी करू नका. वहीत चार ओळी लिहा: कोण वापरणार, कशासाठी, रोज किती तास, आणि किती वर्षं चालला पाहिजे. टायपिंग, एमएससीआयटीचा सराव, टॅली, दुकानाचं बिलिंग, जीएसटीचं रिटर्न, ऑनलाइन फॉर्म, मुलांचे व्हिडिओवरचे तास ही सगळी हलकी कामं आहेत. नवा साधा प्रोसेसर, ८ जीबी रॅम (कामाच्या वेळची तात्पुरती स्मृती) आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) एवढ्यात ती सुखाने होतात. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, ऑटोकॅडची मोठी ड्रॉइंग किंवा नवे गेम या यादीत असतील, तर स्वस्त सेटचा विचार तिथेच सोडा. त्या कामाचं बजेट वेगळं असतं.

या कागदावर आणखी एक प्रश्न हवा: इंटरनेट जोडणार का, आणि त्यावर बँकेचे व्यवहार करणार का? याचं उत्तर 'हो' असेल तर पुढची विंडोजची पायरी अजिबात वगळू नका.

दुसरी पायरी: पिढी ओळखायला शिका

सगळ्या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. आय३, आय५, आय७ ही नुसती घराण्याची नावं आहेत. आय५ म्हणजे आय३पेक्षा चांगला, हे एकाच पिढीत खरं; पिढी बदलली की हिशेब उलटतो. २०१२चा आय५-३४७० आणि २०२२चा आय३-१२१०० शेजारी ठेवले, तर कामात आय३ कितीतरी पुढे जातो.

पिढी नावातच असते. आडव्या रेघेनंतरचा आकडा बघा. चार आकडे असतील तर पहिला आकडा ही पिढी: आय५-२४०० दुसरी, आय५-३४७० तिसरी, आय५-४५७० चौथी, आय५-८५०० आठवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन: आय३-१०१०० दहावी, आय३-१२१०० बारावी. आणि तीनच आकडे दिसले, उदाहरणार्थ आय५-६५०, तर ती पहिली पिढी. तिथून नमस्कार करून निघा. 'कोअर टू ड्युओ' हे नाव तर त्याच्याही आधीचं.

दुकानदाराने नुसतं "आय५ आहे साहेब, एकदम फास्ट" म्हटलं तर एकच वाक्य बोला: "दादा, पूर्ण नंबर सांगा, आकड्यांसकट." जो लगेच सांगतो त्याच्याशी पुढे बोला. "आमच्याकडे सगळा चांगलाच माल असतो," असं उत्तर आलं तर पुढचं दुकान गाठा.

हे जुने प्रोसेसर नव्या खोक्यात येतात कसे, तेही सांगतो. मोठ्या कंपन्यांची ऑफिसं चार-पाच वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात. त्यातून निघालेले प्रोसेसर घाऊक बाजारात विकले जातात. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, त्यामुळे तो दहा-बारा वर्षांनीही चालतो. त्याला बसेल असा बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात) मात्र नवा बनवावा लागतो, आणि बजेट ब्रँडवाले, म्हणजे स्वस्त माल काढणाऱ्या लहान कंपन्या, तो बनवतात. 'एच६१' हे नाव तुम्हाला पुष्कळ जाहिरातींत दिसेल. हा चिपसेटही (बोर्डावरची मुख्य चिप) २०११चाच. बोर्ड कारखान्यातून काल निघालेला असला तरी त्याची रचना तेव्हाची. त्यावर डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम बसते, डिस्कचा वेग निम्म्या दराने बांधलेला असतो, आणि मूळ रचनेत यूएसबी ३ची सोय नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याच्या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खाचेत) दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीपलीकडचा प्रोसेसर बसत नाही. "आत्ता घ्या, पुढे वाढवता येईल" असं कोणी म्हणालं, तर तिथे पुढे काहीच नाही.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचे रायझन प्रोसेसरही चांगले आहेत आणि असेंबल करायचा, म्हणजे सुटे भाग घेऊन जोडून घ्यायचा, विचार असेल तर जरूर बघा. ३००० मालिका किंवा त्यापुढचे घ्या. नावाच्या शेवटी 'जी' असेल, जसं ५६००जी, तर डिस्प्लेची सोय आतच असते, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

तिसरी पायरी: विंडोजचा प्रश्न आधी सोडवा

विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरणाऱ्यांसाठी नुसत्या सुरक्षा-अपडेटची एक वर्षाची जादा योजना आणली, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. म्हणजे आज कोणी 'विंडोज १० टाकून देतो' म्हणत असेल, तर तो तुम्हाला मुदत संपलेली वस्तू देतो आहे.

विंडोज ११साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. जोडीला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी. यातली रॅम कागदावरची आहे. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडल्या की ४ जीबीला धाप लागते, म्हणून ८ धरा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीवरही काही जण तपासणीला वळसा घालून विंडोज ११ बसवून देतात. ते सुरू होतं. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर घरच्यांच्या पेन्शनचं खातं उघडायचं आहे, त्यावर हा धोका घेऊ नका.

लायसन्सचंही तसंच. बिलात विंडोजची ओळ नसेल तर विंडोज आली कुठून, हे विचारा. सेटिंगमध्ये सिस्टिम आणि त्यात अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. 'तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेद्वारे चालू' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तिथे दिसलं, तर ती तुमची विंडोज नाही. घरच्या कॉम्प्युटरला कसली संस्था? अशी चोरीची विंडोज बसवणारे प्रोग्रॅम सोबत काय काय घुसवतात ते कळत नाही. आणि बसवताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात.

लायसन्सचे पैसे जमत नसतील तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, हा मानाचा रस्ता आहे. लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट आहे, मराठी त्यात उत्तम चालते, आणि जुन्या मशीनवरही ते हलकं पडतं. फक्त तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी विचारून घ्या. टायपिंग इन्स्टिट्यूटचं किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं असेल, तर लिनक्सने काम भागणार नाही. मावशींच्या मुलीचं तेच झालं.

चौथी पायरी: एसएमपीएस हातात घेऊन बघा

आपल्याकडे कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात. त्या खोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे वायर लागते, तिथे पंखा असलेला पत्र्याचा डबा असतो. तो एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची वीज तो आतल्या भागांना सोसेल अशी करून देतो. स्वस्त सेटमध्ये पैसे सर्वांत आधी इथे वाचवतात, कारण जाहिरातीत याचं नावही येत नाही.

वरच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात '४५० वॉट' लिहिलेलं असतं. ते सोडा आणि खालचा तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअरचा आकडा असतो. आजचा कॉम्प्युटर बहुतेक ताकद या १२ व्होल्टमधूनच घेतो. तिथे १४ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. नावाला ४५०, कामाला १६८. साध्या टायपिंगला तेवढीही पुरते. पण जो स्टिकरवर असा आकडा लिहितो, त्याने आतले कपॅसिटर कुठल्या दर्जाचे घातले असतील याचा अंदाज करा. हातात घेऊन वजन बघणं ही जुन्या मेकॅनिकांची खूण आहे. ती आजही उपयोगी पडते. मावशींच्या सेटमधला डबा मी काढला, तेव्हा तो रिकाम्या जेवणाच्या डब्याइतका हलका लागला.

एसएमपीएस नुसता बंद पडला तर नशीब म्हणायचं. पण वाईट डबा जाताना बोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो, आणि डिस्कसोबत मुलीचे प्रोजेक्ट, दुकानाची तीन वर्षांची बिलं. असेंबल करताना इथे हात आखडू नका. '८० प्लस' (वीज कमी वाया घालवतो असं सांगणाऱ्या) प्रमाणपत्राचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या.

याच पायरीवर घरची वीज बघून घ्या. पुष्कळ जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण अर्थिंगची वायर आत कुठेच जात नाही. अशा ठिकाणी कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागला की मुंग्या येतात आणि टेस्टर लावला तर मंद पेटतो. लोक म्हणतात, कॉम्प्युटर खराब निघाला. दोष बहुधा अर्थिंगचा असतो. कॉम्प्युटर येण्याआधी वायरमनला बोलावून ते करून घ्या. आणि वीज जायची-यायची असेल तर साधा ६०० व्हीएचा यूपीएस हवाच. फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं मिळाली की त्याचं काम झालं.

पाचवी पायरी: डिस्क, रॅम, मॉनिटर

'१ टीबी' हा आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत प्रत्येक वेळी थांबावं लागतं, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो जागा लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसतं. २५६ जीबीची एसएसडी १ टीबीच्या हार्ड डिस्कपेक्षा रोजच्या वापरात कितीतरी सुखाची. घरात साठवायचं फार असेल तर हार्ड डिस्क दुसरी म्हणून लावा. शिवाय स्वस्त सेटमधली हार्ड डिस्क बहुधा सीसीटीव्ही किंवा ऑफिसमधून उतरवलेली असते. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवला की डिस्क एकूण किती तास चालली ते दिसतं. नव्या म्हणून दिलेल्या डिस्कवर वीस हजार तास दिसले, तर भांडायला तेवढा पुरावा पुरे.

रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून जोरात चढले आहेत, त्यामुळे दुकानदार ४ जीबीवर भागवायला सांगतील. ८ घ्याच. आणि शक्यतो ८ची एकच कांडी घ्या, म्हणजे दुसरा स्लॉट पुढे मोकळा राहील.

मॉनिटरबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. स्वस्त सेटमधले १५ ते १९ इंची पडदे बऱ्याचदा १३६६ बाय ७६८ किंवा त्याच्या आसपासचे असतात. मराठीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं येतात. अशा पडद्यावर ती फाटल्यासारखी दिसतात आणि तासाभरात डोळे दुखतात. १९२० बाय १०८० चा २२ इंची पडदा घ्या. प्रोसेसर पाच-सात वर्षांनी बदलेल, चांगला मॉनिटर त्यानंतरही राहील. मागे बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक असलेला, 'आर' अक्षराने सुरू होणारा शिक्का बघा. मॉनिटरला ती नोंदणी सक्तीची आहे.

बजेट ब्रँडचं काय घ्यावं? कॅबिनेट, माऊस, स्पीकर बिनधास्त घ्या, तिथे ब्रँडने फरक पडत नाही. टायपिंगच्या परीक्षेला बसायचं असेल तर कीबोर्ड दुकानात बोटांनी दाबून घ्या. कळा अडकतात का, आणि दोन्ही हात नीट बसतात का, हे ऑनलाइन कळत नाही.

सहावी पायरी: त्याच पैशांत आणखी काय येतं ते बघा

आता खरा निर्णय. बजेट ब्रँडच्या तयार सेटशेजारी आणखी तीन वस्तू ठेवून भाव विचारा.

पहिली म्हणजे ऑफिसमधून निघालेलं ब्रँडेड मशीन. मी सर्वांत जास्त लोकांना हेच सुचवतो. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० किंवा ५०६०, एचपी प्रोडेस्क ६०० जी४, लेनोव्हो थिंकसेंटर एम७२० ही आठव्या पिढीची मशीनं आहेत. आय५-८५०० मिळाला तर त्यात सहा कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे सहा मेंदू. जुनं ते जुनंच, पण दोन जुन्यांत फरक आहे: मावशींच्या सेटमध्ये २०११चा प्रोसेसर नव्या पत्र्याखाली लपलेला होता, आणि इथे २०१८चं मशीन आपलं वय उघड सांगतं. डेलच्या मशीनवर सात अक्षर-आकड्यांचा सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की मशीन कोणत्या महिन्यात कारखान्यातून निघालं तेही दिसतं. यातला एसएमपीएस ऑफिसात रोज आठ तास चालण्यासाठी बनवलेला असतो.

याच्या अडचणीही ऐका. एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, गेले तर कुठलाही चालत नाही. बारीक कॅबिनेटमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड बसत नाही. बऱ्याच मॉडेलना मागे डिस्प्लेपोर्ट असतो आणि आपल्या मॉनिटरला एचडीएमआय, तेव्हा कन्व्हर्टर सोबतच मागून घ्या. वॉरंटी दुकानदाराची असते, म्हणून दुकान जवळचं आणि रोज उघडणारं हवं. सहाव्या पिढीचं मशीन आणखी थोडं स्वस्त सांगतील. मोहात पडू नका. विंडोज ११ची रेघ आठव्या पिढीवर आहे.

दुसरी म्हणजे मिनी पीसी. इंटेलचा एन१०० प्रोसेसर २०२३च्या जानेवारीत आला. चार कोअर, आणि प्रोसेसरचा विजेचा हिशेब अवघ्या ६ वॉटचा, आय५-२४००चा ९५. पुस्तकाएवढा डबा मॉनिटरच्या मागे चिकटवता येतो. बिलिंग, टायपिंग, व्हिडिओवरचे तास यांना पुरेसा, आणि इन्व्हर्टरवर फार वेळ चालतो. जिथे रोज चार तास वीज जाते, तिथल्या झेरॉक्सच्या दुकानाला मी हाच सांगेन. रॅम बदलता येते की बोर्डाला चिकटलेली आहे, हे विचारा, आणि अडॅप्टर १२ व्होल्टचा की १९चा ते लिहून ठेवा, कारण तो गेला की शोधताना तेच लागतं.

तिसरी म्हणजे नवे भाग घेऊन असेंबल. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली ही त्याची जुनी ठिकाणं. आता बहुतेक जिल्ह्यांच्या गावी असेंबल करून देणारे आहेत. बारावी पिढी किंवा रायझन घेतलात तर पैसे जास्त पडतात, पण पुढची सात-आठ वर्षं निर्धास्त राहता, आणि प्रत्येक भागाची वॉरंटी त्या-त्या कंपनीची.

मग बजेट ब्रँडचा तयार सेट कधी घ्यावा? आत आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आहे असं लेखी मिळत असेल, एसएसडी असेल, आणि भाव वरच्या पर्यायांपेक्षा खरोखर कमी असेल, तर जरूर घ्या. ब्रँड लहान आहे म्हणून वाईट, असं मी म्हणत नाही. इंटरनेट न जोडता नुसतं गिरणीचं किंवा डेअरीचं खातं ठेवायचं असेल, किंवा लिनक्स टाकून मुलांना हात बसवायला द्यायचा असेल, तर तिसऱ्या-चौथ्या पिढीचंही चालेल. मात्र तेव्हा भाव जुन्या मालाचाच द्या. दहा-बारा वर्षांच्या प्रोसेसरला नव्याचा भाव देऊ नका.

मावशींच्या सेटमध्ये मी एसएसडी आणि बरा एसएमपीएस घातला. मशीन अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागलं, मुलीचा सराव मार्गी लागला. पण वहीवर बेरीज केली तेव्हा एकूण खर्चात आठव्या पिढीचं ऑफिस मशीन आरामात आलं असतं. मावशी काही बोलल्या नाहीत, चहाचा कप पुढे केला. ते मला जास्त लागलं.

सातवी पायरी: पैसे देण्याआधी

"बिल कच्चं घ्या, जीएसटी वाचेल," हे वाक्य हमखास येतं. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा रक्कम मोठी वाटते हे खरं. पण पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी नुसती तोंडी राहते. तुमचं स्वतःचं दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल तर तो कर तुम्हाला जमेलाही धरता येतो. बिलावर 'कॉम्प्युटर सेट १ नग' एवढंच लिहू देऊ नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्डाचं मॉडेल, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, प्रत्येकाचा सीरियल नंबर आणि वॉरंटीचा काळ वेगवेगळ्या ओळींत हवा.

वॉरंटीबद्दल तीन प्रश्न विचारा: सर्व्हिस सेंटर कुठल्या गावी आहे, मशीन तिथे कोणी न्यायचं, आणि किती दिवसांत परत मिळणार? 'तीन वर्षं वॉरंटी' पण सेंटर तीनशे किलोमीटरवर, तर एसटीच्या दोन फेऱ्या आणि बुडालेली दोन दिवसांची मजुरी किमतीत धरा.

ऑनलाइन मागवत असाल तर वेबसाइटच्या नावाखाली प्रत्यक्ष विकणारा कोण आहे ते वाचा, परत करण्याची मुदत किती दिवसांची ते टिपा, आणि वस्तूचं पान जसंच्या तसं फोटो काढून ठेवा, कारण ते नंतर बदलतं. खोकं उघडताना पहिल्या कापापासून सलग व्हिडिओ काढा. ई-कॉमर्सचे २०२०चे नियम सांगतात की वस्तू सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे तक्रारीची फी नाही आणि वकीलच पाहिजे असंही नाही.

आठवी पायरी: पहिल्या दिवशीची तपासणी

मशीन घरी आलं की पूजा जरूर करा, पण त्याच संध्याकाळी एवढं बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा; टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर क्लिक केलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि डिस्क दिसते. बिल शेजारी ठेवून आकडा न् आकडा जुळवा. विंडोजची कळ आणि आर दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' इंग्रजीत टाइप करा, २.० दिसलं पाहिजे. ऑफिस मशीनमध्ये ते नाहीच असं दाखवलं तर घाबरू नका, बहुधा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद केलेलं असतं, दुकानदाराकडून सुरू करून घ्या. मग डिस्कचे तास बघा. सगळ्या यूएसबी भोकांत एकेक करून पेन ड्राइव्ह लावा, पुढच्या दोन भोकांची वायर स्वस्त कॅबिनेटमध्ये हमखास सैल असते.

नंतर दोन तास सलग व्हिडिओ लावून ठेवा. पंखा किती ओरडतो, मशीन आपोआप बंद पडतं का, कॅबिनेटच्या मागे हात धरला तर जळका वास येतो का, हे बघा. असा वास आला तर लगेच वायर काढा आणि दुसऱ्या दिवशी परत न्या, "पहिले काही दिवस येतो" असं सांगितलं तरी.

परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल आणि पिशव्या फेकू नका. बिलाचा फोटो घरातल्या दोन फोनवर ठेवा. वर्षभरात कागदी बिलाची शाई उडून जाते.